डिफॉल्टची एक ओळ

माझ्या तेव्हाच्या साहेबांना मी माफ केलेलं नाही. लोक म्हणतात, झालं ते झालं, सोडून दे. मी सोडत नाही. काही माणसं विहारात जाऊन शांत होतात. मी हा राग आठवून शांत होते, आणि त्याची मला काडीचीही लाज वाटत नाही.

खराडीतल्या एका कंपनीत मी कंत्राटावर होते. कंपनीची डिरेक्टरी सांभाळायचं काम माझं, म्हणजे प्रत्येक माणसाचं नाव, विभाग, मजला, एक्स्टेन्शन जिथे साठवलेलं असतं ते सगळं. कोणी कॉम्प्युटरवर नाव टाकलं की तिथला छोटा प्रोग्रॅम सर्व्हरला विचारतो आणि उत्तर आणून दाखवतो. त्या प्रोग्रॅमला काही गोष्टी आधीच सांगून ठेवाव्या लागतात. सर्व्हर कोणता, उत्तराची वाट किती वेळ बघायची, आणि शोध कुठून सुरू करायचा. हे झाले डिफॉल्ट. वापरणाऱ्याला ते दिसत नाहीत, तो फक्त नाव टाकतो. मी एका फाइलमध्ये थोड्या ओळी लिहायच्या, आणि ती फाइल आपोआप इमारतीतल्या सगळ्या कॉम्प्युटरवर जाऊन बसायची.

आमच्या डिरेक्टरीत सगळ्यात वर कंपनी आणि तिच्याखाली दोन फांद्या होत्या, एक कायम नोकरीवाल्यांची, दुसरी कंत्राटी लोकांची. शोध वरून सुरू केला की दोन्ही फांद्या धुंडाळल्या जायच्या. मी तसंच ठेवलं होतं. माझं स्वतःचं नाव अर्थातच दुसऱ्या फांदीवर होतं.

साहेब मूळचे शनिवार पेठेतले. हे ते संधी मिळेल तिथे सांगत, आणि मिळत नसेल तिथे काढून सांगत. बोलणं अत्यंत आदबशीर. एखाद्याचा गळा कापायचा असला तरी आधी 'अहो' म्हणतील. परदेशातले ग्राहक भेटीला येणार होते, तेव्हा ते माझ्या टेबलापाशी आले. शेजारी नेटवर्क सांभाळणारे चाचा बसले होते, तेही कंत्राटीच.

"अहो मॅडम, हा शोध फक्त कायम लोकांमध्ये होऊ दे. पाहुण्यांसमोर एखादं नाव टाकावं तर कंत्राटी मंडळींची रांग येते. कुटुंबाच्या फोटोत भाडेकरू कशाला?"

हे ते भाडेकरूलाच सांगत होते.

मी म्हटलं, "सर, तीच फाइल रिसेप्शनलाही जाते. घरून कोणाचा फोन आला तर आमचं नाव सापडणार नाही."

"रिसेप्शनला फोन करतं कोण हल्ली? प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे."

"आमच्या मजल्यावर नसतो, सर."

आमच्या मजल्यावर एका बँकेचं काम चालायचं. आत मोबाइल न्यायला बंदी. सकाळी गेटवरच्या लॉकरमध्ये टाकायचा, संध्याकाळी काढायचा. मधल्या वेळात घरच्यांना आम्हाला गाठायचं तर रिसेप्शन हा एकच रस्ता होता. मी पर्यायही सुचवला, की पाहुण्यांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपुरती वेगळी फाइल ठेवते, बाकीच्यांना हात लावत नाही. चहा निवायच्या आत झालं असतं.

"सांगितलंय तेवढं करा. उगाच फाटे फोडू नका," साहेब म्हणाले आणि गेले.

मी ओळ बदलली. पाहुणे आले, ढोकळा खाऊन गेले. ओळ तशीच राहिली. ती परत फिरवू का, असं मी पुन्हा विचारलं तेव्हा "बघू" एवढंच उत्तर मिळालं. पुण्यात 'बघू' म्हणजे काय, हे मी कोणाला समजावून सांगायला नको.

वडील माझ्याबरोबर धायरीला राहायचे. आयुष्यभर सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस. निवृत्तीनंतर सोसायटीच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला माझी नोकरी सांगणं हा त्यांचा मुख्य उद्योग. "खराडीची मोठी कंपनी. सगळ्यांची नावं हिच्या ताब्यात असतात," असं सांगायचे. कंत्राटाचं तेवढं गाळायचे. मी चिडले की म्हणायचे, "विचारलं कुणी, तर सांगेन की."

एका दुपारी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांनी माझा मोबाइल लावला, तो लॉकरमध्ये वाजत राहिला. मग फ्रिजवर चिकटवलेला कंपनीचा नंबर फिरवला. रिसेप्शनवरच्या मुलीने माझं नाव टाकलं. स्पेलिंग बदलून परत टाकलं. आणि म्हणाली, "अशी कोणी इथे काम करत नाही." काकू भांडल्या. ती मुलगी तरी काय करणार? तिच्यासमोर स्क्रीन कोरा होता. कॉम्प्युटर खोटंही बोलत नव्हता. ज्या फांदीत शोधायला सांगितलं होतं, त्या फांदीत मी नव्हतेच. आणखी एक फांदी आहे, हे त्या मुलीला कोणी सांगितलंच नव्हतं.

दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात वडील सारखे विचारत होते, पोरीला कळवलं का. काकू सरळ बाई. जे ऐकलं तेच त्यांनी सांगून टाकलं, "दादा, तिथं तसं कुणी कामालाच न्हाय म्हणत्यात." यावर वडील मान वळवून बसले. रस्त्याकडे बघत राहिले. संध्याकाळी मी लॉकर उघडून मोबाइल हातात घेतला तेव्हा ते गेलेले होते. हे सगळं मला काकूंनीच सांगितलं, रडत रडत.

मरण कोणाच्या हातात नसतं, तेवढं मला कळतं. मी पोचले असते तरी ते कदाचित गेलेच असते. पण ते काय समजून गेले? पोरीने आपल्याला इतके दिवस फसवलं? मग रोज डबा घेऊन ही जाते कुठे? असलं काही त्यांच्या मनात आलं की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही. त्या विचाराने माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. अजून होते.

कंत्राटी माणसाचं दुःख बिनपगारी असतं, म्हणून मी लगेच कामावर गेले. साहेब चेहरा पाडून जवळ आले. "फार वाईट झालं हो. तेराव्याला येऊन जातो."

"आमच्यात तेरावं नसतं, सर. रविवारी पुण्यानुमोदन आहे."

ते जरा गडबडले. मग मी त्यांना फोनचं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "हो, कानावर आलं. पण सेटिंग तुमच्याच हातात होतं ना, मॅडम?"

तिथेच माझं ठरलं. ओरडले नाही, रडलेही नाही. शुक्रवारी कामाचा आढावा होता. त्याला मुख्य संचालकबाई स्वतः बसत, आणि साहेब आमचं काम मोठ्या पडद्यावर आपलं म्हणून दाखवत. मी शुक्रवारची वाट बघितली, सणाची बघावी तशी.

साहेबांनी डिरेक्टरी किती उत्तम चालली आहे ते सांगून झाल्यावर मी उठले आणि लॅपटॉप त्यांच्यासमोर सरकवला. "सर, एकदा माझं नाव शोधून दाखवता?"

त्यांनी नाव टाकलं. पडद्यावर काही आलं नाही. खोलीत सगळे बघत होते. त्यांनी परत टाकलं.

"सावकाश, सर," मी म्हटलं. "मी समोरच उभी आहे. हवं तर माझ्याकडे बघून बघून टाका."

संचालकबाईंनी विचारलं, हा काय प्रकार आहे. मी सांगितला. ओळ, फोन, रिक्षा, सगळं. साहेबांनी लगेच हात झटकले. असा काही आदेश दिल्याचं आपल्याला आठवत नाही, कंत्राटी टीमने परस्पर केलं असेल, म्हणाले. तेव्हा कधी तोंड न उघडणारे चाचा बोलले. "भाडेकरू म्हणालात, सर. मी शेजारीच होतो."

बाईंचा आवाज चढला. "आत्ताच्या आत्ता बदला ते."

"बदलू," मी म्हटलं. "पण टाइप सर करतील."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी ती फाइल जन्मात उघडलेली नव्हती. मी एकेक अक्षर सांगत गेले आणि ते एका बोटाने टाइप करत गेले. मध्ये त्यांचा एक स्वल्पविराम राहिला आणि प्रोग्रॅमने लाल अक्षरात नकार दिला. त्यांनी ओळ वाचली, परत वाचली, कपाळ पुसलं, आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. तसं बघायला लागेपर्यंत मी थांबले होते.

"स्वल्पविराम, सर."

खोटं कशाला बोलू, मजा आली. फाइल सुधारली, त्यांनी नाव टाकलं, आणि मी पडद्यावर उमटले. नाव, मजला, एक्स्टेन्शन.

बाईंनी मला विचारलं, तुम्हाला काय हवंय. सगळ्यांना वाटलं, मी कायम नोकरी मागणार. मी म्हटलं, "रविवारी सरांनी धायरीला यावं. मी इथे काम करते, एवढं चार लोकांत सांगावं."

ते आले. बाईंच्या धाकाने आले, हे मला ठाऊक आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले होते. भन्तेजींची वंदना झाली, आणि साहेब हात जोडून उभे राहिले. अगदी हळू आवाजात म्हणाले, "या आमच्याच कंपनीत काम करतात. त्या दिवशी नाव सापडलं नाही, ती चूक माझी."

"मागे ऐकू आलं नाही, सर," मी म्हटलं.

त्यांनी मोठ्याने परत सांगितलं. ते खाली बसणार एवढ्यात पुढच्या रांगेतून काकू बोलल्या.

"आमाला म्हाईत हाय ते. त्यांना सांगा."

आणि त्यांनी वडिलांच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट केलं. साहेब वळले. त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. सगळे माझ्याकडे बघत होते, मी आता त्यांना बसा म्हणेन म्हणून. मी म्हटलं नाही.