कावळ्याची वाट पाहणारी केशरबाई

जिंतुरात आमच्या आणि केशरबाईंच्या घरामध्ये एकच भिंत, तीही पत्र्याची. त्यामुळे त्यांच्याकडे काय शिजलं हे गल्लीला माझ्याकडूनच कळतं. बायको म्हणते, "आवं, कान जरा घरी ठेवत जा." पण ते पत्र्याला सांगा की!

केशरबाई दवाखान्यात आया. ख्रिस्ती, विधवा, मूलबाळ नाही. नऊ वर्षांमागं बोरीजवळ ऊसतोड्यांची ट्रॉली उलटली. राणीसावरगावचं एक जोडपं जागीच गेलं. त्यांची तीन वर्षांची निकिता नुसती खरचटली. चुलता भुजंग आला, दोन्ही मयतं घेऊन गेला आणि पोरीचं म्हणाला, "धावं झालं की नेतो." दहावं झालं, तेरावं झालं. पोरगी केशरबाईंचा पदर धरून वॉर्डात फिरायची. एक दिवस ती पदरासकट घरी आली.

"डॉक्टरीणबाई," मी पत्र्यावरून डोकावलो, "डूटीवर जाता का लेकरं गोळा करायला?"

"भागवतभाऊ, दात मागून काढा. आधी वाटीभर दूध द्या."

त्याच साली त्यांचं दुसरं लग्न ठरत आलं होतं. जालन्याचा मास्तर, बिजवर, माणूस बरा. त्याच्या चालण्याची नक्कल करून मी गल्ली हसवली होती. तो म्हणाला, पोरीला बोर्डिंगात ठेवा, मग तारीख धरू. केशरबाईंनी त्याला चहा पाजला आणि एसटीत बसवून आल्या. मग दोन कपबशा घासायला त्यांना तास लागला. पत्र्याअलीकडून मी सगळं ऐकत होतो. त्यावर मात्र मला विनोद सुचला नाही.

दत्तकाचा कागद काही त्यांनी केला नाही. सगळे सांगून दमले. त्यांचं एकच, "कागद झाला की तिच्या माणसाचं दार बंद व्हतं. तिला तिची माणसं ऱ्हाऊ द्या."

आणि दर भाद्रपदात पित्राला त्या निकिताला घेऊन राणीसावरगावला जायच्या. पोरीच्या हातून आईबापाच्या नावानं पान ठेवायचं, आणि कावळा शिवेपर्यंत ही बाई डोक्यावर पदर घेऊन लांब उभी. भुजंगाच्या घरचं कुणी पाणीसुद्धा विचारत नसे. म्हातारी कस्तुराबाई, पोरीची आजी, तेवढी नातीच्या तोंडावरून हात फिरवायची.

"येशू तुमचा आन् कावळा आमचा, जमतं कसं वो?" मी छेडायचो.

"कावळ्यानं अजून माझा धर्म इचारला न्हाई. तुमीच इचारायलाव."

त्यांच्या चर्चमधल्या लोकांनीही विचारला. ख्रिस्ती बाई पित्राला जाते म्हणजे काय! बायकांच्या प्रार्थनेत पुढं उभ्या राहायच्या, त्या मागच्या बाकावर गेल्या. भादव्यातली फेरी मात्र चुकली नाही.

दिवेलागणीला दोघींची प्रार्थना चालायची. एक ओळ केशरबाईंची, एक निकिताची. शेवटी मी पत्र्यावर थाप मारून "आमेन!" ओरडायचो. पोरगी हसून लोळायची, "मम्मी, भागवतमामा बाटले!"

यंदा पित्राला गेल्या तर कस्तुराबाईचं एक अंग गेलेलं, अंथरुणाला खिळलेली. भुजंग नवराबायको दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणार. म्हातारीपाशी बसायला माणूस नव्हतं, आणि निकिता आता बारा वर्षांची झाली होती. भुजंगाला नऊ वर्षांनी पुतणी आठवली. केशरबाईंनी तिला परत आणली, तर भुजंगाच्या अर्जावरून आठ दिवसांत परभणीच्या बालकल्याण समितीचं बोलावणं आलं.

सोबत मी गेलो. भुजंग समितीच्या साहेबांपुढं म्हणाला, "ह्या बाईपाशी कागूद न्हाई. आन् दरसाल पित्राला पोरगी घेऊन आमच्याच दारी येती. मंग पोरगी कुणाची, तुमीच सांगा."

केशरबाई म्हणाल्या, "म्हातारीला माझ्या घरी आणा. मी करते तिचं. हगणंमुतणं समदं करते."

"आमची माय किरिस्तावाच्या घरी मरायची का?"

साहेबांनी निकितालाच जवळ घेऊन विचारलं, "बाळ, तुला कुठं राहायचंय?"

ती लगेच मम्मीचं नाव घेणार, असं धरून मी पेढे कुठून घ्यायचे ते ठरवत होतो. पोरगी केशरबाईंकडं वळली.

"मम्मी, आजीला उठून पाणी बी घेता येत न्हाई."

केशरबाईंनी तिला जवळ ओढलं.

"मला बी कोणी न्हवतं तवा तू घेतलं ना?"

केशरबाईंनी तिची वेणी सोडली, पुन्हा घट्ट घातली. मग म्हणाल्या, "आजीला कुशीवर वळवत जा. न्हाईतर पाठीला जखमा व्हत्यात." एवढंच. परतताना जिंतूरपर्यंत एसटीत आम्ही दोघंच; त्यांनी खिडकीकडचं तोंड फिरवलं नाही.

नाताळात करंज्यांचं ताट नेहमीसारखं आमच्याकडं आलं. करंज्या मात्र जास्त होत्या. निकिताच्या वाट्याच्याही आम्हालाच आल्या असणार.

प्रार्थना रोज होते. केशरबाई एक ओळ म्हणतात, मग दुसऱ्या ओळीएवढ्या थांबतात, मग तिसरी म्हणतात. मधली जागा तशीच राहते. मी पत्र्याला पाठ लावून बसतो, थाप मारत नाही.

परवा प्रार्थना संपली. मग आवाज आला, "भागवतभाऊ, हाव का?"

"हाव की."

"मंग आमेन म्हणा ना."

गल्लीला रोज हसवणारं माझं हे तोंड. उघडलं, पण शब्द काही फुटला नाही. पलीकडं त्या वाट बघत उभ्या होत्या.