ग्रेसला दिलेलं आमंत्रण

युगांडातल्या नऊ वर्षांच्या एका मुलीला मी आमच्या घरी यायचं आमंत्रण दिलं, आणि ती निघायच्या तयारीला लागली. चूक एवढीच. ती निस्तरायला मला आइंडहोवनहून ब्रेडाला, एका डच शहरातून दुसऱ्या डच शहरात, जावं लागलं.

ग्रेस तिथल्या एका बालगृहात राहते. मी आणि माझी बायको शुभदा, आम्ही तिचं आर्थिक पालकत्व घेतलंय. अधूनमधून व्हिडिओ कॉल होतो. मागच्या कॉलच्या शेवटी काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी म्हणालो, "आता एकदा आमच्याकडे ये हं, ग्रेस!" पुण्यात पाहुणा जिन्यात चपला घालत असताना आपण म्हणतो ना, तसं. त्यानं "येऊ की, नक्की येऊ" म्हणायचं असतं, आणि पुढे कुणीच कुठे जायचं नसतं. ग्रेसला हा रिवाज कुणी शिकवला नव्हता.

मला अर्थात यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ब्रेडाहून अनेलीसबाईंचा फोन आला. बालगृहाला मदत करणाऱ्यांचा इथला गट त्या चालवतात. म्हणाल्या, मुलांना सांभाळणाऱ्या मामा रोझ (तिकडे आईला मामा म्हणतात) इथे आल्या आहेत, शनिवारी मदतनीसांचा मेळावा आहे, आणि त्यांना तुम्हालाच भेटायचंय. मला वाटलं, सत्कार! मी ब्लेझर चढवला. शुभदानं रव्याच्या लाडवांचा डबा हातात दिला आणि विचारलं, "शाल-नारळाला वेगळी पिशवी देऊ?"

आगगाडीत बसल्याबसल्या मी तिला फोन लावून भाषणाचा मसुदा ऐकवायला लागलो. समोरच्या आजीबाईंनी खिडकीवर बोटानं टकटक केलं. काचेवर लिहिलं होतं 'स्टिल्टे' (शांतता). अख्खा डबा माझं भाषण ऐकत होता, आणि कुणालाही ते आवडलेलं दिसत नव्हतं. मग वाटेतलं टिलबर्ग स्टेशन येईपर्यंत मुकाट्यानं बाहेर बघत बसलो. सपाट ओली शेतं, छाटलेले विलो, आणि वाऱ्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या गाई.

ब्रेडात चर्चमागच्या एका सभागृहात मेळावा होता. जेवण म्हणजे ब्रोडचे मेट कास (पावात चीज). बस्स. चटणी नाही, लोणचं नाही. मामा रोझ ठेंगण्या, अंगावर कुणाचा तरी उसना ओव्हरकोट, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. त्यांनी एक लाडू खाल्ला, दुसरा उचलला आणि म्हणाल्या, "चला, आतल्या स्वयंपाकघरात बसू." सत्कार खासगीत असणार, असं मी समजलो.

"ग्रेसनं आपला वरचा पलंग खालच्या पलंगावरच्या आयेशाला देऊन टाकलाय," त्या म्हणाल्या. "शाळेत जात नाही. कपड्यांचं गाठोडं घेऊन फाटकापाशी बसते. मी तिला समजावलं. ती म्हणते, 'अंकलनी स्वतः सांगितलंय, तुम्हाला माहीत नसेल.'"

मी ब्लेझर काढून खुर्चीला अडकवला.

"आपण असं करू," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी बघू, असं सांगू."

त्यांनी हातातला लाडू बशीत ठेवला. "तिच्या मावशीनं तिला फाटकाशी सोडलं, तेव्हा मावशी म्हणाली होती, पुढच्या आठवड्यात येते. आमच्याकडे अशी पुष्कळ मुलं आहेत. त्यात भर घालू नका. नाही म्हणा. स्पष्ट, आणि एकदाच."

अनेलीसबाई कॉफी घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "पण तारीख ठरवायची नव्हती, तर बोलावलंत कशाला?" डच माणूस शेजाऱ्याला कॉफीला बोलावतानाही अफस्प्राक (आधी ठरवलेली वेळ) डायरीत टिपून ठेवतो. त्यांना मी काय समजावणार!

मामा रोझनी फोन लावला. पडद्यावर ग्रेस आली.

"अंकल, तिकडे थंडी आहे? माझ्याकडे स्वेटर एकच आहे."

"ग्रेस, मी तुला इथे आणणार नाहीये."

"तुमचं घर लहान आहे?"

"नाही."

"आंटी रागीट आहेत?"

"नाही. म्हणजे... नाही."

"मग?"

मी व्हिसाच्या सबबीकडे वळणार, तोच मामा रोझनी नकारार्थी मान हलवली.

"मी विचार न करता बोललो," मी म्हणालो. "आमच्याकडे असं म्हणायची पद्धत आहे. चूक माझी आहे, तुझी काहीच नाही. तू तिथेच राहणार, आणि आम्ही फोन करत राहणार."

तिनं गाठोडं जवळ ओढलं. ती म्हणाली, "मग मला आयेशाकडून पलंग परत मागायला लागेल." तिकडे फोन खाली ठेवला गेला. पडद्यावर नुसतं पत्र्याचं छप्पर राहिलं.

"आता रडेल," मामा रोझ म्हणाल्या. "तिथे माणसं आहेत, ती बघतील. गाठोडं घेऊन बसण्यापेक्षा रडलेलं बरं." आणि त्यांनी बशीतला लाडू पुन्हा उचलला.

परतताना गाडीत डब्याची काच आधी वाचली आणि मगच बसलो. पालकत्व हा शब्द मी ऑफिसात कॉफी मशीनपाशी किती ऐटीत वापरायचो! खरं तर दर महिन्याला बँक आपोआप रक्कम पाठवते, मला आठवणसुद्धा ठेवावी लागत नाही. आठवण ठेवायचं काम ग्रेस करत होती, माझ्या एका वाक्याची. आणि ती रडली की जवळ बसायचं काम दुसरंच कुणीतरी करत होतं.

आइंडहोवनला उतरून सायकलचं कुलूप काढत होतो, तेवढ्यात मामा रोझनी पुढे पाठवलेला आवाजी निरोप आला. बालगृहातल्या एका ताई सांगत होत्या, ग्रेस जेवली, पलंग परत मिळाला, सोमवारी शाळेत जायला कबूल झालीय. मागून ग्रेसचा आवाज आला, "ते पण सांगा ना!" ताई हसल्या. "तूच सांग."

खाकरून ग्रेस म्हणाली, "पुढच्या कॉलला आंटींनी बोलावं. अंकल शेजारी बसले तरी चालतील, पण त्यांना बोलू देऊ नका."