कोऱ्या तक्रारवहीची गोष्ट

“मॅडम, तुमची तक्रारवही कोरी आहे,” मुंबईहून साहेब फोनवर म्हणाले.

“हो सर,” मी म्हणाले. कौतुक होणार असेल तर आवाजात थोडा विनय असावा, म्हणून तोही घातला.

“म्हणजे तुमचं स्टेशन कुणी ऐकत नाही.”

मी बसलेलीच होते, नाहीतर बसले असते.

आमचं रिले स्टेशन कर्जत आणि कशेळे गावाच्या मधल्या एका टेकडीवर आहे. रिले म्हणजे काय, तर कार्यक्रम भलतीकडे होतो, उपग्रहावरून आमच्या डिशमध्ये उतरतो, आणि आम्ही त्याला ट्रान्समीटरमधून ताकद देऊन टॉवरवरून गावोगावच्या रेडिओंना पोचवतो. आम्ही कावडवाले. पाणी दुसऱ्याचं, खांदा आमचा. टीव्हीचा ट्रान्समीटर मागेच बंद झाला. त्या खोलीत आता आमचे टेक्निशियन भगत डबा खातात. उरला एफएम. आणि आता तोही बंद करायच्या यादीत आला होता. यादीचा नियम सोपा: वर्षभरात तक्रार नाही, म्हणजे मागणी नाही.

“सर, स्टेशन बंदच पडत नाही. तक्रार येणार कुठून?”

“असेल. पण कागदावर काय आहे?”

“काही नाही.”

“मग? महिनाअखेर वही पाठवा.”

दुसऱ्या दिवशी वही पिशवीत घालून मी कशेळ्याला गेले. स्टँडवर बबन जीपवाला भेटला. त्याच्या जीपमध्ये दिवसभर आमचंच स्टेशन लागलेलं असतं.

“बबन, एक तक्रार लिही.”

“कोनाची?”

“आमची. लिही, खरखर येते, आवाज मध्येच जातो.”

“पन नाय ना जात.”

“लिहायला तुझं काय जातंय?”

“आवो मॅडम, तुमी माझ्या गाडीतनं येता-जाता. तुमच्या इरोधात सही करू? चहा घ्या.”

चहा घेतला. पुढे हिराबाई भाजी घेऊन बसली होती. ती वरच्या ठाकरवाडीतली. तिचा रेडिओ टोपलीच्या कडेला बांधलेला असतो आणि कुठला कार्यक्रम कधी, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

“चांगलं लिवायचं आसंल तर दोन अंगठे देते,” ती म्हणाली.

“चांगल्याचा रकाना नाही गं वहीत.”

“मंग वहीच खराब हाय तुजी. तिची तक्रार कर.”

कळंबपर्यंत फिरले. सगळ्यांचं एकच: घरी आलेल्या माणसाला नावं कशी ठेवायची? संध्याकाळी माझ्या खाती सात चहा आणि हिराबाईनं पिशवीत कोंबलेला एक भोपळा. तक्रार एकही नाही. लोक वाईट वागले असते तर निदान रागावता तरी आलं असतं.

पुढच्या आठवड्यात आमचा वार्षिक शटडाऊन होता. ट्रान्समीटर बंद करून टॉवरची केबल, तिचे जोड, आणि कोसळणारी वीज जमिनीत उतरवणारी अर्थिंग तपासायची. एका दिवसाचं काम. आधी नोटीस कशेळ्याच्या स्टँडवर लावायची असते. या वेळी ती माझ्या पर्समध्येच राहिली. कशी राहिली, हे साहेबांनीही विचारलं नाही, तेव्हा तुम्हीही विचारू नका.

पहिला दिवस गेला. फोन नाही. केबलच्या एका जोडात पाणी शिरलेलं सापडलं, म्हणून काम लांबलं. भगत मधूनमधून रिसीव्हर उचलून फोन चालू आहे ना ते बघत होते.

“मॅडम, खरंच कुणी ऐकत नसेल तर?”

मी त्यांना डबा खायला पाठवलं. माझा मात्र तसाच राहिला. इतकी वर्षं आपण डोंगराला गाणी ऐकवत होतो की काय, हा विचार भाकरीबरोबर गिळता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चढावर जीप घरघरली. बबनची. आत माणसं, मागे लटकलेली माणसं. हिराबाई पुढून उतरली, हातात किटली. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून ती मागे वळली.

“उभी हाय की रं ही.”

“काय झालं?” मी विचारलं.

“मशीन कंदी बंद पडत नाय,” बबन म्हणाला. “आमी म्हनलं, मॅडमलाच काय तरी झालं आसंल.”

किटलीत काढा होता. मी ठणठणीत आहे हे चारदा सांगितलं, तरी प्यावा लागला. तो इतका कडू होता की पुढची दोन मिनिटं मी खरोखरच आजारी दिसत असणार.

“आता तरी लिहा,” मी घसा खाकरत म्हणाले. “रेडिओ बंद आहे म्हणून.”

“तुमची तबेत आशी, नि आमी तक्रारी लिवू?” बबन दुखावला.

तेव्हा भगतांनी वही हळूच टेबलावर सरकवली. “तक्रार नको. भेटायला आलात, तेवढं लिहून ठेवा.”

त्याला कुणाची हरकत नव्हती. ‘तक्रारीचे स्वरूप’ या रकान्यात बबननं लिहिलं: ‘रेडिओ बंद म्हणून मॅडमची तबेत बघाया आलो.’ खाली पानभर लोकांनी ‘वरीलप्रमाणे’ लिहून सह्या केल्या. हिराबाईनं कबूल केल्याप्रमाणे दोन अंगठे दिले.

संध्याकाळी ट्रान्समीटर सुरू झाला. वही मुंबईला गेली.

“मॅडम, ही तक्रार आहे?” साहेबांचा फोन आला.

“सर, रकाना तोच आहे.”

“बरं,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग आमचं नाव यादीतून निघालं. पंधरा दिवसांनी मेमो आला: आपल्या स्टेशनबद्दल एकाच दिवशी एवढ्या तक्रारी का आल्या, याचा खुलासा करावा.

खुलासा केला. या नोकरीत काम चोख करावं, पण ते चालू आहे हे वरच्यांना कळावं म्हणून अधूनमधून बंद पडावं, एवढं मी त्यातून शिकले.

आता शटडाऊनची नोटीस मी वेळेवर लावते. शेवटी एक ओळ जादा असते: ‘मॅडमची तब्येत उत्तम आहे. काढा आणू नये.’

हिराबाईला वाचता येत नाही. किटली येतेच.