भाऊंची नजर

आमच्या मिशन दवाखान्याच्या जीपचे ड्रायव्हर हॉर्न वाजवल्याशिवाय कुठल्याच गावात शिरत नाहीत. आम्ही नर्सबाया त्यांना भाऊ म्हणतो. सातपुड्याच्या पायथ्याशी लहान मुलांचं तपासणी शिबिर असलं की भाऊ पुढे आणि त्यांचं पोट त्यांच्याही पुढे.

तिथल्या आया चारचौघांत बाळाचं वजन करू देत नाहीत. नजर लागते म्हणतात. मग भाऊ स्वतःच कडुलिंबाला टांगलेल्या वजनकाट्याच्या झोळीत जेमतेम बूड टेकवतात आणि ओरडतात, "बठ्ठी, सगळी नजर माले लागू द्या! मी शे ना दांडगा!" पोरं खिदळतात. माझा जीव मात्र काट्यात अडकलेला. तो बाळांचा काटा आहे हो!

परवा भाऊंना चेव चढला. त्यांनी दोन्ही पाय उचलले, दोरी तुटली आणि भाऊ धपकन मातीत! पोरं हसून लोळली. मला वाटलं, संपलं शिबिर. पण बायका एकमेकींकडे बघून माना डोलवायला लागल्या. नजर खरंच भाऊंना लागली होती, आता बाळांना भीती कसली? आम्ही नवी दोरी बांधेपर्यंत रांग लागलीसुद्धा.

भाऊ कंबर धरून उठतात तोच एक आजी मूठभर मीठ-मिरच्या घेऊन आली. "थांब भाऊ, पहिले तुनी नजर काढस."

रविवारी चर्चमध्ये सगळ्यांत मोठ्यानं गाणारे आमचे भाऊ लगेच हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले. आजीनं मूठ ओवाळली, आणि भाऊ खणखणीत आवाजात म्हणाले, "आमेन!"