तोताराम नानांचा जप

सावद्याजवळच्या आमच्या गावात तोताराम नानांना पूर्वी कुठल्याच बैठकीला बोलवत नसत. त्यांना हसू आवरायचं नाही. लग्नाच्या बोलणीत मुलाकडचे म्हणायचे, "आमचा पोरगा एकदम निर्व्यसनी," आणि नाना कोपऱ्यातून खो खो हसायचे. सोयरीक मोडता मोडता राहायची. केळीच्या बागेत त्यांनी हाक मारली की शेजारच्या शेतातले मजूरही दचकून कामाला लागायचे.

मग गेल्या दोन-तीन वर्षांत नाना मोठे झाले. म्हणजे गावानं त्यांना मोठं केलं.

आधी चेहरा बदलला. समोर बारसं असो की मयत, त्यावर एकच भाव, तोही फोटोतल्यासारखा. आवाज इतका बसला की ऐकायला समोरच्याला वाकावं लागायचं. आणि आमच्याकडे ज्याच्यापुढे वाकावं लागतं तो माणूस मोठाच असतो. काही विचारलं तर उत्तराला बराच वेळ लागायचा. प्रश्न संपायच्या आत उत्तर देणाऱ्या आमच्या गावाला वाटलं, नाना फार खोल विचार करतात. मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताचा अंगठा बोटावर सारखा फिरत राहायचा, माळ नसताना मणी ओढल्यासारखा.

"अखंड नामस्मरण!" झुलालभाऊंनी निकाल दिला. "माळसुद्धा लागत नाही माणसाले."

दारातून बाहेर पडताना नानांचे पाय जमिनीला खिळायचे. उंबरठ्याशी थांबून ते मनातल्या मनात नमस्कार करतात, असं ठरलं. संत मुक्ताईंचं मुक्ताईनगर जवळ असल्याचा हा परिणाम, असंही कोणी म्हणालं. नाना तिथे फक्त जत्रेतली भजी खायला जात असत, हे सगळे सोयीनं विसरले.

झुलालभाऊ आणि त्यांचा धाकटा भाऊ गिरधर यांचं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण होतं. बैठकीत मधोमध नानांना बसवलं. दोघं तावातावानं बोलत होते. नाना बघत होते. त्यांना लघवीला जायचं होतं, पण खुर्चीतून उठता येईना आणि सांगायला शब्द निघेना. बऱ्याच प्रयत्नांनी ते अर्धे उठले आणि परत बसले.

"नाना चिडले!" गिरधर घाबरला. "भाऊ, दिवसाची पाळी तू घे रे बाबा, रातपाळी मीच घेतो."

"नाही, नाही, मी घेतो," झुलालभाऊ म्हणाले.

वाद मिटला. नानांचं धोतर ओलं झालं होतं, ते घरी फक्त त्यांच्या बायकोनं, धुरपदाबाईंनी पाहिलं.

यानंतर नानांचा मुलगा समाधान याला सोसायटीच्या निवडणुकीत पॅनल उभं करायचं सुचलं. बॅनर लागले. वर नानांचा गंभीर फोटो, खाली हात जोडलेला समाधान.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगी मयुरी दोन वर्षांनी जळगावहून माहेरी आली. ती तिथे रुग्णांकडून हाता-पायांचे व्यायाम करून घेते. अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधला होता, बाया गाणी म्हणत होत्या. पूर्वी दर आखाजीला नाना ओट्यावरून धुरपदाबाईंना चिडवायचे, "अगं हळू, लिंब उपटून पडंल तो!" आणि स्वतःच्याच विनोदाला सगळ्यांच्या आधी हसायचे. आता ते ओट्यावर नुसते बसले होते.

"माय, नाना असे कधीपासून?" मयुरीनं विचारलं.

धुरपदाबाईंनी पदर तोंडाशी नेला. "मले वाटते, माह्यावरच राग आहे त्यायचा. काय चुकलं तेही सांगत नाही. दोन आखाज्या झाल्या, माणूस हसला नाही माह्यासंगं."

मयुरीनं नानांना अंगणात चालवलं. पावलं बारीक, घासत. एक हात हालतच नव्हता. वळताना तर ते जागच्या जागी तुरूतुरू पाय टाकत राहिले. दुसऱ्या दिवशी ती त्यांना जळगावला डॉक्टरांकडे घेऊन गेली, सोबत समाधान. डॉक्टरांनी बोटं आपटायला लावली, कोपरातून हात वाकवून पाहिला, उठायला-चालायला लावलं.

"पार्किन्सन," डॉक्टर म्हणाले. "चेहरा, आवाज, चाल, विचारांचा संथपणा, सगळं त्यातलंच. पुरता जात नाही. पण गोळ्या आणि व्यायामानं बराच आराम पडतो. चेहराही थोडा मोकळा होतो."

"मोकळा म्हणजे?" समाधाननं काळजीनं विचारलं.

"म्हणजे हसतील वगैरे."

समाधानचा चेहरा पडला. घरी आल्यावर तो म्हणाला, "मयुरी, गोळ्या द्यायच्याच आहेत. मी कुठं नाही म्हणतो? पण मतदान होऊ दे. एवढं तर थांबले, अजून थोडं."

"दादा, त्यांना घास गिळायला त्रास होतोय."

"मग पातळ वरण द्या ना!"

धुरपदाबाई नानांपुढे बसल्या. "माह्यावर राग नाही ना तुमचा?"

नानांचे ओठ हालले. खूप वेळानं आवाज आला, "ना...ही गं."

धुरपदाबाईंनी पाण्याचा तांब्या भरला, पहिली गोळी स्वतः दिली आणि मुलाला म्हणाल्या, "तुले मतं पाहिजे तर गावात जाय. माहा नवरा बॅनरवरून उतरव."

बॅनर उतरला नाही, पण गोळ्या सुरू झाल्या. आवाजासाठी मयुरीनं नवाच व्यायाम दिला: रोज सकाळी ओट्यावरून, पूर्वी बागेत मारायचे तशी हाक मारायची. पहिले काही दिवस ती हाक अंगणापर्यंतही पोचली नाही.

प्रचाराची सभा मारुतीच्या पारावर झाली. नाना मधल्या खुर्चीत. शेजारीच समाधान माईकवर रंगात आला होता. "माझे वडील! उठता-बसता नामस्मरण! तो हात बघा, तो हात कधी थांबला नाही!"

सगळं गाव हाताकडे बघू लागलं. नानाही बघू लागले. मग त्यांच्या गालाला हळूच सुरकुती पडली, ती पसरली, आणि घोगरं, अडखळतं हसू माईकमधून गावभर गेलं.

"जप कायचा... रे?" ते म्हणाले. "हात... हालते माहा."

पॅनल पडलं. मग समाधानला वडिलांना सकाळी फिरायला न्यायला वेळ मिळू लागला. गावाचं मत मात्र ठाम होतं: चांगला माणूस गोळ्यांनी बिघडला.

उंबरठ्याशी पाय अजूनही अडकायचे. समोर रेघ दिसली की ती ओलांडायला पाय उचलतो, हे मयुरीनं शिकवलं होतं. म्हणून धुरपदाबाई रोज दारात पांढऱ्या रांगोळीची एक रेघ ओढायच्या. आठवड्याभरात शेजारच्या दोन-तीन दारांतही तशी रेघ दिसू लागली. एके सकाळी शेजारच्या लताबाई चौकशीला आल्या.

"नाना, रेघ दाराच्या आत काढाची का बाहीर? आमच्या घरात काही गुण येऊन नाही राह्यला."

नाना दारात खिळलेले होते. त्यांनी लताबाईंकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं, पाय उचलून ती ओलांडली आणि मग हसायला लागले. हसू थांबेचना.

लताबाई रागावून परत फिरल्या. "आधी किती चांगले होते!"

आत धुरपदाबाई चटणी वाटत होत्या. त्यांनी मिक्सर बंद केला आणि ऐकत उभ्या राहिल्या.