टेकलेली बाजू

माझ्या तंबोऱ्याचा भोपळा तडकला, म्हणून नवा बसवून घ्यायला मी सकाळच्या एसटीने मिरजेला गेले. खरं तर तंबोरा दुरुस्त करावा की कुणाला देऊन टाकावा, हेच ठरत नव्हतं. एकतीस वर्षं मुलींना गाणं शिकवतेय. हल्ली संध्याकाळी पहिली मुलगी 'सा' लावते आणि मला वाटतं, आता पुरे.

दुकानात आढ्याला वाळलेले कडू भोपळे टांगले होते. म्हाताऱ्या कारागिराने त्यातला एक काढला, तळव्याखाली फिरवत फिरवत मध्येच थांबला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"इथं हात लावा बाई. सपाट लागतंय न्हवं? शेतात या अंगावर निजून वाढलाय."

"मग हा बाद?"

"बाद कशानं? भुईला टेकल्याशिवाय एवढा मोठा भोपळा होतोय व्हय? ही बाजू तुमच्या अंगाकडं घेऊ, नीट टेकंल."

मी त्या सपाट जागेवरून हात फिरवत राहिले. आपण माणसं मात्र टेकलेली जागा झाकतो. डोळे पुसताना पडसं झालंय म्हणतो. मुलींनी विचारलंच तर मी म्हणते, "छे, दमतेय कुठे!" आणि आणखी ताठ बसते. तंबोरा घ्यायचा तर पाठ ताठ हवी, हे पहिल्याच दिवशी त्यांना शिकवलेलं असतं ना!

"बाई," भोपळा चिकटवायचा सरस ढवळता ढवळता म्हातारा म्हणाला, "मघापासनं बघतोय. मागं भिंत हाय. टेका की."

भोपळा मांडीवर तसाच ठेवून मी टेकले.