विल्फ्रिदोची सौम्य चटणी

लाताकुंगा गावात विल्फ्रिदो चिलुइसाला कोणी काही सांगायला लागलं की तो मान इतकी छान डोलवायचा, की सांगणाऱ्याला भरून यायचं. पण पठ्ठ्या ऐकायचा वाक्याचा पहिला अर्धाच. उरलेला अर्धा त्याचा तोच तयार करायचा. बस कंपनीच्या तिकीट खिडकीवर त्याने अशीच हयात काढली आणि निम्म्या गावाला भलत्याच बसमध्ये बसवलं.

निवृत्तीनंतर त्याला एकच ध्यास लागला: नातीच्या बाप्तिस्म्याला मुख्याध्यापक गालार्सा धर्मबाप म्हणून उभे राहावेत. असं नातं जुळलं की गल्लीत मान वर करून चालता येतं. म्हणून त्यांना जेवायला बोलवायचं ठरलं. पण गालार्सांना पित्ताचा त्रास, आणि घरातली झाडटोमॅटोची चटणी सासूबाई सोइलांच्या हातची, लिंबू पिळून दात आंबवणारी.

“मी सौम्य चटणी करतो!” विल्फ्रिदोने जाहीर केलं. लिंबाला फाटा, वर चमचाभर खाण्याचा सोडा. टिकायला काहीतरी हवं म्हणून तो औषधांच्या दुकानात गेला.

“काका, ही बेन्झोएटची पूड बुरशी मारते,” दुकानातली नारसिसा म्हणाली. एवढ्यावर काका पुडी घेऊन दाराबाहेर. “पण आंबटातच हो! आंबटात ती अख्खी राहते, म्हणून बुरशीच्या आत शिरते. आंबटपणा घालवलात तर तिचे कण फुटून त्यांना विजेचा भार येतो, मग बुरशी त्यांना दारातच उभं करते!” हे सगळं तिने रस्त्याला सांगितलं.

विल्फ्रिदोने दुप्पट पूड घातली, बुचं घट्ट ठोकली, लेबलावर टाय घातलेला स्वतःचा फोटो चिकटवला आणि बाटल्या चुलीमागच्या उबदार फळीवर मांडल्या.

जेवणाच्या दिवशी तळलेलं डुकराचं मांस आणि उकडलेला मका वाढून झाला. त्याने एक बाटली मुख्याध्यापकांसमोर धरली. “सर, तान्ह्या बाळालाही चालेल अशी!”

उबेत आंबून फसफसलेल्या चटणीने बूच उडवलं, ते छताला लागलं. चटणी गालार्सांच्या पांढऱ्या शर्टावर आणि मिशांवर.

“जावईबापू, सौम्य म्हणालात ना?” सासूबाईंनी आपली वाटी पुढे सरकवली. “सर, ही घ्या. आंबट आहे, पण जागची हलत नाही.”

गालार्सांनी शांतपणे मिशा पुसल्या. “विल्फ्रिदो, तुमच्या नातीच्या बाप्तिस्म्याला मी नक्की येईन...”

“सर येणार!” विल्फ्रिदो अंगणात पोचलासुद्धा. “ऐकलंत का हो, मुख्याध्यापक आमचे सोयरे झाले!”

“...पण मागच्या बाकावर बसेन,” गालार्सांनी उरलेलं वाक्य सासूबाईंपाशी पुरं केलं. “धर्मबाप दुसरा बघा.”

“बघते. पण जावईबापूंना हे सांगायचं कसं?”

गालार्सांनी शर्टावरची चटणी निपटली.

“नकार आधी सांगा.”